स्वादुपिंड पुन्हा भरून येते का?

छत्रपती संभाजीनगरला शिक्षकांशी बोलताना एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, माणसाचे यकृत कापले तरी वाढून भरून येते. मग स्वादुपिंडाचे काय? या प्रश्नामागे बहुधा घरातले कुणी मधुमेही असते आणि 'स्वादुपिंड नवे करणाऱ्या' एखाद्या औषधाची जाहिरातही.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली, सुमारे 15 सेंटिमीटर लांबीची ग्रंथी. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत तशी तिची रचना आहे. बहुतेक जागा पाचकरस बनवणाऱ्या पेशींनी व्यापलेली असते. त्यांच्यामध्ये लँगरहॅन्सची सुमारे 10 लाख सूक्ष्म द्वीपे विखुरलेली असतात. वजनाने ती सगळी मिळून जेमतेम एक-दोन टक्के. पण त्यांतल्या बीटा पेशीच इन्शुलिन स्रवतात.

आधी पहिल्या बिऱ्हाडाचे पाहू. स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज सौम्य असेल तर ती ओसरते आणि पाचकरसाच्या पेशी बऱ्याच अंशी सावरतात. जुनाट दाहात मात्र तीच इजा वर्षानुवर्षे होत राहते. दारू, तंबाखू, आनुवंशिक दोष ही त्याची काही कारणे. सततच्या दाहामुळे तिथल्या तारकाकृती पेशी चेतवल्या जातात आणि कोलॅजेनचे तंतू विणत सुटतात. पीक जळाले तरी जमीन चांगली असेल तर पुढच्या हंगामात ते पुन्हा घेता येते. पण मातीच वाहून गेली तर बियाणे काय करणार? जुनाट दाहात तसेच होते. पुढे द्वीपेही नष्ट होऊ लागतात आणि मधुमेह होतो.

मग बीटा पेशी नव्याने तयार होतात का? याचा शोध आपल्याकडेही घेतला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे, डॉ. आनंदवर्धन हर्डीकर व सहकाऱ्यांनी उंदरांना रसायनाने मधुमेह घडवला आणि त्यांच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग काढला. उरलेल्या भागाने सावरून रक्तातील साखर आटोक्यात आणल्याचे त्यांनी 1999 साली प्रसिद्ध केले. 2004 साली अमेरिकेतील डग्लस मेल्टन यांच्या गटाने दाखवले, की प्रौढ उंदरात नव्या बीटा पेशी मुख्यतः जुन्या बीटा पेशींच्याच विभाजनातून येतात.

पण माणूस म्हणजे मोठा उंीर नव्हे. आपल्या बीटा पेशी प्रामुख्याने बालपणी वाढतात. प्रौढपणी त्यांचे विभाजन अगदी विरळ होते. स्वादुपिंडाचा भाग काढलेल्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात बीटा पेशी पुन्हा वाढल्याचे आढळले नाही.

येथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. टाइप 2 मधुमेह नुकताच झालेल्या काहींचे वजन बरेच उतरले की साखर औषधांशिवायही आटोक्यात येते. ब्रिटनमधील 2017 च्या एका चाचणीत, वजन घटवण्याच्या कार्यक्रमातील जवळजवळ निम्म्या रुग्णांत वर्षअखेर असे दिसले. पण तिथे थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. मेलेल्या पेशी उगवत नाहीत.

म्हणून जुनाट आजाराने गेलेले प्रौढ स्वादुपिंड पुन्हा पूर्ववत करणारे सिद्ध औषध आज नाही. दारू-तंबाखू सोडून उरलेला भाग जपता येतो. पाचक विकरे गोळ्यांतून आणि इन्शुलिन इंजेक्शनमधून देता येते. अशा जाहिरातीवर विसंबून इन्शुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते.

विद्यार्थ्यांनी असे एखादे कात्रण वर्गात आणले, तर त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. प्रयोग कुणावर झाला, उंदरावर की माणसावर? नव्या पेशी मोजल्या, की नुसती साखर? आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गट होता का? एवढे विचारायची सवय लागली, तर घरातल्या एखाद्या रुग्णाचे इन्शुलिन चुकायचे वाचेल.