दोन उंबरठ्यांच्या मध्ये

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांच्यावर राहते घर विकून त्याच पैशातून दुसरे घर घेण्याची पाळी बहुधा आली नसावी. आली असती तर म्हणीत आणखी एका कलमाची भर निश्चितच पडली असती. बांधकामात पैसा कमी पडतो, लग्नात माणसे रुसतात. परंतु एक घर सुटत असताना दुसरे हाती न लागल्याचे जे महिने असतात, त्यांची जात निराळी आहे. तसे सहा महिने आम्ही २०१८ साली काढले. बँकेच्या कर्जविभागात आयुष्य घालवलेल्या माणसाने ते का काढावे लागले, हे सांगणे थोडे लाजिरवाणे आहे. परंतु आपल्या ग्राहकांच्या आणि नव्या सहकाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

आमचे घर समथरला होते. झाशी-कानपूर लोहमार्गावर मोठ नावाचे स्थानक आहे, तेथून आत गेले की हे गाव लागते. झाशी जिल्ह्यातील मोठ तहसिलीत आज ते मोडत असले, तरी एके काळी ते स्वतंत्र संस्थान होते. १८१७ साली समथरच्या राजाने इंग्रजांशी तह केला आणि स्वातंत्र्यानंतर विलीनीकरण होईपर्यंत गादी टिकली. गावाची ओळख आजही त्याच्या किल्ल्यावरूनच सांगतात. नेवाळकरांच्या झाशीमुळे या मुलखात मराठी घरे पुष्कळ. त्यांपैकीच आमचे एक. आजोबा शिक्षकाच्या नोकरीच्या निमित्ताने झाशीहून समथरला आले आणि १९५४ साली त्यांनी तेथे घर घेतले. पुढे चौक, मागे विहीर, वर एक माडी. वडिलांच्या पश्चात आई तेथे एकटीच राहत असे. तिचे वय ८१ झाले, माडीचा जिना बंद पडला, आणि दवाखान्यासाठी प्रत्येक वेळी झाशी गाठणे अवघड होऊ लागले. मी निवृत्त होऊन झाशीतच भाड्याने राहत होतो. तेव्हा समथरचे घर विकावे आणि झाशीत तळमजल्यावरचे घर घ्यावे, असे आईने, नागपूरच्या ताईने आणि मी मिळून ठरवले.

गिऱ्हाईक गावातलेच निघाले. किंमत बावीस लाख ठरली. मकर संक्रांतीनंतर ते गृहस्थ नारळ, पेढे आणि दोन लाख रुपये रोख घेऊन दारात उभे राहिले. मराठीत ज्याला इसार म्हणतो, त्याला तिकडे बयाना म्हणतात. मी पेढे घेतले आणि रोकड परत केली. १ जून २०१५ पासून घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम आगाऊ म्हणून रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी धनादेश दिला. साध्या मुद्रांक कागदावर आम्ही करारनामा लिहिला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि चहा प्यालो.

येथेच पहिली चूक झाली, आणि ती मी जाणूनबुजून केली. उत्तर प्रदेशाने १९७६ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती केलेली आहे. तीनुसार स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करारही नोंदणीकृत दस्तानेच व्हावा लागतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण गाव लहान, माणूस ओळखीचा, तीन महिन्यांत बैनामा म्हणजे खरेदीखत व्हायचेच आहे, मग नोंदणीचा खर्च आणि मोठची फेरी कशाला, असा विचार केला. कर्जदाराने समोर बसून असे म्हटले असते, तर मी त्याला कायदा समजावून सांगितला असता.

फेब्रुवारीत झाशीत मनासारखे घर मिळाले. किंमत तीस लाख. मालकीणबाई एक वृद्ध विधवा. मुलाकडे लखनौला जाणार होत्या. वकिलाचा सल्ला घेतल्याखेरीज त्या पाऊल उचलीत नसत. त्यांनी तीन लाख आगाऊ घेतले, करार रीतसर नोंदवून घेतला आणि त्यात स्पष्ट कलम घातले: ३१ मेपर्यंत उरलेली रक्कम देऊन खरेदीखत न केल्यास आगाऊ रक्कम जप्त. अट वाजवी होती. मी सही केली.

आता वाचकांनी आमची स्थिती लक्षात घ्यावी. घेणारा म्हणून मी पक्का बांधला गेलो होतो. विकणारा म्हणून मात्र माझ्या हाती एक कच्चा कागद होता. समथरचे पैसे आले नाहीत तर झाशीचे तीन लाख जाणार, आणि समथरच्या गृहस्थांनी माघार घेतली तर त्यांना अडवण्याचे बळ माझ्यापाशी नाही. एक घर विकून दुसरे घेताना माणसाची झोप उडते ती बहुतेक या विषमतेमुळे. पैशांची बेरीज आमचीही बरोबर होती. दोन करारांचे बळ आणि दोन तारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या.

इंग्लंडात अशा व्यवहारांना साखळी म्हणतात, कारण माझे घर घेणारा स्वतःचे घर विकत असतो आणि त्याचे घर घेणारा आणखी कोणाचे तरी. तेथे करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधला जात नाही. म्हणून साखळीतील सर्वांचे वकील ती अदलाबदल एकाच दिवशी घडवून आणण्याची खटपट करतात. त्यातही एक कडी निसटली की सगळी साखळी कोसळते, ही तेथील लोकांची जुनी तक्रार. पण एका बाजूने बांधलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा, अशी माझ्यासारखी अवस्था तरी त्या पद्धतीत सहसा येत नाही.

एप्रिलमध्ये खरा धक्का बसला. समथरच्या गृहस्थांनी गृहकर्जासाठी अर्ज केला होता. त्यांच्या बँकेच्या वकिलाने कागद पाहून शेरा मारला: मालकी हक्क निर्दोष नाही. घर आजोबांच्या नावावर. आजोबा १९७१ साली मृत्युपत्र न करता वारले. त्यांना दोन मुलगे, म्हणजे माझे वडील आणि इंदूरचे काका. काकांनी त्याच वर्षी सर्वांसमक्ष सांगितले होते, ‘घर दादाचे, मला त्यातले काही नको.’ पुढे काका-काकू दोघेही गेली. पण ते बोलणे कागदावर कधीच आले नव्हते. हक्कसोडपत्र नाही, नगरपालिकेत दाखिल-खारिज म्हणजे आपल्याकडील नावाचा फेरफार नाही. घरपट्टीची पावतीसुद्धा आजोबांच्याच नावाने येत होती आणि आम्ही ती सत्तेचाळीस वर्षे बिनतक्रार भरत होतो. शेरा अचूक होता. मीही तोच मारला असता.

काकांचा एकुलता एक मुलगा इंदूरला असतो. त्याला फोन करण्यापूर्वीचे दोन दिवस मला आजही आठवतात. कायद्याने अर्धे घर त्याचे होते, म्हणजे अकरा लाख. ‘वडिलांनी सोडले असेल, मी सोडलेले नाही,’ असे तो म्हणाला असता तर त्यात गैर काहीच नव्हते. त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी त्याने कर्ज काढलेले मला माहीत होते. मी सगळे सांगितले, काही लपवले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबांचा शब्द आहे, दादा, तो मी मोडणार नाही. पण हा कागद बाबा असतानाच का नाही केला? तू तर बँकेत होतास.” मी काय उत्तर देणार?

सही मात्र इंदूरला बसून भागणारी नव्हती. स्थावर मालमत्तेचा दस्त जेथे मालमत्ता आहे तेथील निबंधकाकडेच नोंदवावा लागतो. रजा काढून त्याला मोठला यावे लागले. तो आला, नोंदणी झाली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. समथरला घर पाहायला चल म्हटले तर नको म्हणाला.

तोपर्यंत मेचा मध्य उलटला होता आणि १६ मेपासून अधिक ज्येष्ठ लागला होता. समथरच्या गृहस्थांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी निक्षून सांगितले की पुरुषोत्तम मासात बैनामा होणार नाही. बँकेचे कर्ज मंजूर, कागद निर्दोष, पण १३ जूनपर्यंत थांबा. इकडे झाशीची मुदत ३१ मे. मी मालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी मुदत १५ जुलैपर्यंत वाढवली, तीही रीतसर पुरवणी करार नोंदवून आणि आणखी दोन लाख आगाऊ घेऊन. ते दोन लाख मी मुदत ठेवीवर कर्ज काढून दिले. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. अशा वेळी घाबरून ठेव मोडणारे ग्राहक मी शाखेत अनेक पाहिले आहेत. दोन-तीन महिन्यांच्या अडचणीसाठी ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घेणे बहुधा स्वस्त पडते, कारण ठेवीवरचे व्याज चालू राहते आणि कर्जावरचे व्याज तेवढ्याच दिवसांचे लागते. मोठी रक्कम असेल तर जुन्या घराच्या विक्रीच्या भरवशावर अल्पमुदतीचे पूरक कर्ज मिळते का, हेही विचारावे. पण ते नवा करार करण्यापूर्वी विचारावे. मी विचारले नव्हते.

या सगळ्यात आईचे काय झाले? फेब्रुवारीत तिने भांडी बांधली. एप्रिलमध्ये सोडली. जाते आणि पाटा शेजारी देऊन टाकला होता, तो मागायला जायची तिला लाज वाटे, म्हणून दोन महिने चटणी वाटली गेली नाही. मेमध्ये पुन्हा बांधाबांध झाली, तीही अर्धीच. मी आठवड्यातून दोनदा जात असे आणि प्रत्येक वेळी नवी तारीख सांगत असे. एकदा ती बांधलेल्या गाठोड्यावर बसूनच म्हणाली, “घर विकलंय की नाही, ते एकदा नीट सांग. मी कुठल्या घरात बसलेय ते तरी मला कळू दे.” सहा महिन्यांतील माझ्या सगळ्या हिशेबांत हा प्रश्न कोठेच मांडलेला नव्हता.

२० जूनला समथरचा बैनामा झाला. या वेळी मात्र मी शहाणपण दाखवले: पैसे नोंदणीच्या दिवशीच खात्यात, आणि ताबा १० जुलैस, असे दस्तातच लिहून घेतले. त्या वीस दिवसांसाठी आईला भाड्याच्या घरात हलवावे लागले नाही. राहते घर विकणाऱ्या प्रत्येकाने एवढी सवड आधीच मागून घ्यावी. घेणारा बहुधा देतो, पण मागितली तरच.

झाशीचे खरेदीखत ६ जुलैला. त्यावरूनही गंमत झाली. मालकीणबाई म्हणाल्या, आषाढ लागला आहे, तुम्हाला गृहप्रवेश चालेल का? आई म्हणाली, छे, अजून ज्येष्ठच आहे. दोघींचेही बरोबर. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. २८ जूनच्या पौर्णिमेनंतर त्यांचा आषाढ सुरू झाला होता आणि आमचा ज्येष्ठ वद्य चालू होता. मराठी पंचांगाने आमचे काम केले.

कराविषयी थोडे. राहते घर विकून होणारा दीर्घकालीन भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतवल्यास १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ अन्वये सवलत मिळत असे; नवे घर विक्रीपूर्वी एक वर्षाच्या किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घ्यायचे, बांधायचे असल्यास तीन वर्षांत. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक निराळे आहेत, आणि २३ जुलै २०२४ पासून नफ्यावरील कराचे दरही बदलले आहेत, म्हणून जुन्या माहितीवर न विसंबता करसल्लागाराला विचारावे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवे घर झाले नसेल, तर ती रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेखाली बँकेत ठेवावी लागते. हे खाते ग्रामीण शाखेत उघडता येत नाही, आणि बंद करायला आयकर अधिकाऱ्याची संमती लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताईने तिचा वाटा आईच्या घरासाठी देऊन टाकला. परंतु पैसे दिले तरी तिच्या हिश्श्याचा नफा तिच्याच विवरणपत्रात दाखवावा लागतो. तो तिने दाखवला.

झाशीच्या घरात आल्यानंतर आठव्या दिवशी मी नगर निगमात नामांतराचा अर्ज दिला. पावती मिळाली तिचे छायाचित्र चुलतभावाला पाठवले. त्याचे उत्तर रात्री आले: “या वेळी वेळेवर.”