एक माणूस, पाच कामं, तोंडावर पाऊस: माइंड मॅप नेमका कुठे उपयोगी पडतो?

महाड तालुक्यातल्या शिवथर खोऱ्यात बांधकामाचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. जूनमध्ये पाऊस लागला की खोदाई थांबते, काँक्रीट थांबतं, खडी-सिमेंटचे डंपर थांबतात. गेली काही वर्षं पावसाळ्यात वरंधा घाटाच्या वाहतुकीवर बंदी येते, म्हणजे भोरकडचा रस्ताही हिशेबातून गेला. ऑक्टोबरात भातकापणी, तेव्हा मजूर मिळत नाही. उरतात नोव्हेंबर ते मे हे सात महिने. त्यातच मार्चअखेरचा खर्चाचा हिशेब येतो.

या सात महिन्यांत एका ग्रामपंचायतीत एकच काम चालू असतं असं नाही. चार-पाच असतात, आणि सगळ्यांचे कागद एकाच माणसाच्या टेबलावर असतात. ग्रामसेवक, आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकारी. अनेकदा त्याच्याकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त कार्यभार असतो. ऑफिसातल्या मॅनेजरांसाठी बनलेलं माइंड मॅप सॉफ्टवेअर अशा माणसाच्या काही कामाचं आहे का, हे आज समजून घेऊया.

माइंड मॅप म्हणजे काय?

मधोमध एक विषय लिहायचा. त्यातून फांद्या काढायच्या, फांद्यांना उपफांद्या. बस, एवढंच. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून ही पद्धत घराघरात नेली आणि मेंदूच्या कार्यपद्धतीशी तिचं नातं जोडून मोठमोठे दावे केले. ते दावे बाजूला ठेवले तरी चालतात. कागदावरचा माइंड मॅप आणि सॉफ्टवेअरमधला माइंड मॅप यांत खरा फरक वेगळाच आहे: सॉफ्टवेअरमध्ये फांदी उचलून दुसरीकडे लावता येते, मिटता येते, आणि पाहिजे तेवढ्याच फांद्या गाळून बघता येतात.

एक उदाहरण मांडून बघू

समजा, खोऱ्यातल्या एका काल्पनिक ग्रामपंचायतीत या वर्षी पाच कामं आहेत. जलजीवन मिशनची पाणीयोजना, अंगणवाडीची दुरुस्ती, वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याची संरक्षक भिंत, रोजगार हमीतली सिंचन विहीर आणि गावठाणातलं सांडपाण्याचं गटार.

मध्ये 'मे अखेर' लिहा आणि पाच फांद्या काढा. प्रत्येक फांदीवर कामाचे टप्पे: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, देयक, पूर्णत्वाचा दाखला. पाणीयोजनेचं बांधकाम ग्रामपंचायत स्वतः करत नसली, ते जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग बघत असला, तरी ती फांदी ठेवाच. टाकीची जागा आणि गावाची संमती यावर योजना अडली, तर फोन ग्रामपंचायतीलाच येतो.

इथपर्यंत हे रजिस्टरमध्येही होतं. गंमत यापुढे आहे.

प्रत्येक टप्प्यापुढे 'हे कशामुळे अडलंय' ते लिहायला लागा. पाण्याच्या टाकीला जागा हवी, तिचं बक्षीसपत्र व्हायचंय. सात-बारावर आठ नावं आहेत, त्यांतली पाच मुंबईत. संरक्षक भिंतीचा पाया एका खासगी शेतात जातो, तिथे संमतीपत्र हवं. सात-बारावर चार नावं, तिघं मुंबईत. विहिरीच्या लाभार्थ्याचा भाऊ सहहिस्सेदार आहे, तोही मुंबईतच. वेगवेगळ्या तीन फायलींत या तीन किरकोळ नोंदी आहेत. एका पडद्यावर आल्या की कळतं, तिन्ही कामांची चावी एकच आहे: शिमगा. महाड-पोलादपूरचा चाकरमानी गणपतीला येतो आणि शिमग्याला येतो. गणपतीत सह्या राहिल्या असतील, तर पालखीच्या दिवसांत त्या घ्यायलाच हव्यात. तेव्हाही हुकल्या, तर हंगाम गेला.

मग नवी फांदी निघते, 'शिमग्याला भेटायची माणसं', आणि तिच्यावर नावं. ही फांदी कुठल्याच योजनेच्या नमुन्यात नाही. माझ्या मते माइंड मॅपचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कामांची यादी आपल्याला आधीच ठाऊक असते. कामांमधला सामाईक अडथळा ठाऊक नसतो.

असाच दुसरा सामाईक अडथळा म्हणजे कनिष्ठ अभियंता. अंदाजपत्रक त्यांचं, मोजमाप त्यांचं. चार कामांसाठी चार वेळा त्यांना बोलवण्यापेक्षा एका फेरीत कोणती तीन मोजमापं उरकतील, हे नकाशावर 'अभियंता' शब्द गाळून पाहिलं की दिसतं.

पैशाचे रंग वेगळे

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेली ४० टक्के अबंधित. गटाराला बंधित निधी चालेल, अंगणवाडीच्या छपराला चालणार नाही. रोजगार हमीच्या विहिरीत मजुरी आणि साहित्य यांच्या प्रमाणाचा वेगळाच हिशेब. नकाशावर निधीनुसार फांद्यांना रंग द्या: बंधित निळा, अबंधित हिरवा, रोहयो पिवळा. ग्रामसभेत कोणी 'गटाराला पैसे आहेत, मग अंगणवाडीला का नाहीत?' असं विचारलं, तर उत्तर द्यायला हे रंग पुरतात. प्रश्न येतोच, ग्रामसभेला गेलेल्या कोणालाही विचारा.

झाडाची अडचण

शिवथरचं नाव निघालं की घळीचं नाव निघतंच. समर्थ रामदासांनी दासबोध इथे रचला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा सांगते. या ग्रंथाची बांधणी बघा: २० दशक, प्रत्येकात १० समास, एकूण २०० समास, ७७५१ ओव्या. पहिल्याच समासात ग्रंथात काय काय आहे ते सांगून टाकलंय. फांद्या-उपफांद्यांची इतकी शिस्तशीर मांडणी आजच्या सरकारी आराखड्यांतही क्वचित दिसते.

पण झाडाला एक मर्यादा असते. एका पानाला एकच फांदी. जेसीबी एकच आहे आणि तो विहिरीलाही हवा, भिंतीलाही हवा, तर तो लिहायचा कुठे? इंजिनिअरिंगला आम्हाला 'ट्री' आणि 'ग्राफ' यांतला फरक शिकवला होता, तो इथे प्रत्यक्ष भेटतो. म्हणून निव्वळ सुंदर फांद्या काढणारं अ‍ॅप पुरत नाही. दोन दूरच्या फांद्यांना बाणाने जोडता आलं पाहिजे आणि शब्दानुसार गाळता आलं पाहिजे. निवडताना एवढं तपासलं तरी पुष्कळ.

दुसरी मर्यादा तारखांची. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. असं एकच मोठं, तारखांना बांधलेलं काम असेल तर माइंड मॅप काढत बसू नये. तिथे बार चार्ट हवा, कोणतं काम कोणावर अवलंबून आहे याचं दिवसांचं गणित हवं. माइंड मॅप बरा पडतो तो पाच लहान कामं एकमेकांत गुंतलेली असतात तिथे.

सॉफ्टवेअर कोणतं?

खोऱ्यात नेटवर्क येतं-जातं, तेव्हा इंटरनेटशिवाय चालणारंच घ्या. मिरो, माइंडमायस्टर ही ब्राउझरमधली साधनं शहरातल्या टीमसाठी छान आहेत, इथे नाहीत. ग्रामपंचायतीच्या संगणकावर फ्रीप्लेन टाकता येतं. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, फ्रीमाइंड या जुन्या सॉफ्टवेअरमधून फुटून तयार झालं. दिसायला अगदी सरकारी, पण गाळणी आणि जोडबाण दोन्ही आहेत. एंटर दाबलं की शेजारची फांदी, टॅब दाबलं की उपफांदी, स्पेसबारने फांदी मिटते. देवनागरीत लिहिता येतं. फोनवर मात्र ते चालत नाही. फोनसाठी एक्समाइंड किंवा सिंपलमाइंड आहे, दोन्हींचे मोफत प्रकार आहेत आणि मोफत प्रकारांना मर्यादा आहेत. फोनच्या पडद्यावर पाच कामांचा नकाशा काढायचा प्रयत्न करू नका. संगणकावर काढा, पीडीएफ करा आणि ती फोनमध्ये ठेवा.

फ्रीप्लेनची फाइल आतून साधा मजकूर असते. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडून त्यातली माहिती काढता येईल. हा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण बदलीच्या दिवशी महत्त्वाचा ठरतो. कार्यभार देताना दप्तर मिळतं, रजिस्टरं मिळतात. 'टाकीच्या जागेसाठी धाकट्या भावाशी बोला, मोठा ऐकत नाही' ही माहिती जुन्या माणसाबरोबर जाते. ती कुठल्या नोंदवहीत लिहायची सोय नसते. नकाशात फांदीला टीप जोडायची सोय आहे. फक्त तीच फाइल ग्रामसभेत पडद्यावर लावण्याआधी टिपा मिटायला विसरू नका.

आणि पावसाची फांदी

२२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या, महाड शहर पुराखाली होतं. बचाव, अन्नवाटप, चिखल काढणं, पंचनामे, तात्पुरता निवारा, कायमचं पुनर्वसन ही कामं त्यानंतर एकाच यंत्रणेवर एकाच वेळी येऊन पडली.

म्हणून नकाशात सहावी फांदी हवी. तिला निविदा नाही, निधीचा रंग नाही. दरडीचा धोका असलेल्या वाड्या कोणत्या, प्रत्येक वाडीत चालता न येणारी माणसं किती आणि कोणत्या घरांत, अतिवृष्टीचा इशारा आला की त्यांना कुठे हलवायचं, ट्रॅक्टर कोणाचा, मोबाइल टॉवर बंद पडला तर निरोप घेऊन कोण जाणार. ३१ मेला बाकी पाचही फांद्या मिटा, ही एकच उघडी ठेवा. तिची ए-थ्री आकाराची छापील प्रत पंचायतीच्या भिंतीवर लावा, कारण अशा रात्री वीज नसते. आणि निवाऱ्याची जागा म्हणून 'जिल्हा परिषद शाळा' लिहिलं असेल, तर त्याच्याखाली आणखी एक उपफांदी काढा: सुट्टीत शाळेची किल्ली कोणाकडे असते.