विश्लेषण : आठ पीएसवरून थेट ४५ पीएस! पहिली ताकदवान बाइक घेतल्यावर सुरुवातीचे काही महिनेच का जपायचे?

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया असे मुहूर्त आले की शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. त्यात साडेतीनशे-चारशे सीसीच्या बाइकही असतात आणि अनेकदा ती घेणाऱ्याची स्वतःच्या कमाईची पहिलीच गाडी असते. कॉलेजभर वडिलांची शंभर सीसीची गाडी चालवली, म्हणजे आपल्याला बाइक येते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. गिअर आणि क्लच तेच असले तरी गाडीचा प्रतिसाद पूर्ण वेगळा असतो.

फरक नेमका किती?

हिरो स्प्लेंडर प्लसचे इंजिन ९७.२ सीसीचे, ताकद सुमारे ८ पीएस आणि वजन ११२ किलो. केटीएमच्या २०२४ च्या ३९० ड्यूकची ताकद ४५ पीएसच्या आसपास आणि वजन १६८ किलो. म्हणजे वजन दीडपट, पण ताकद साडेपाचपट. स्प्लेंडरवर मूठ पिळून ओव्हरटेक करायची सवय असलेला हात इथे तेवढीच मूठ पिळतो आणि पुढचा ट्रक अपेक्षेपेक्षा फार लवकर जवळ येतो.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची गोष्ट उलट आहे. ताकद २० पीएसच्या आसपास, पण वजन १९५ किलो. इथे अडचण वेगापेक्षा संथपणात येते. यू-टर्न घेताना, चढावर थांबताना किंवा खडीवर पाय टेकताना गाडी एकदा कलली की सावरणे कठीण जाते.

परवान्यासाठी वेगळी अट नाही?

नाही. आपल्याकडे वयाच्या १८ व्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळाला की तोच परवाना शंभर सीसीलाही चालतो आणि हजार सीसीलाही. युरोपीय संघात टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत, दुसऱ्या टप्प्यात ३५ किलोवॉटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ पीएस. दुसऱ्या टप्प्यावर दोन वर्षांचा अनुभव घेऊनच पुढच्या, कोणतीही मर्यादा नसलेल्या परवान्याकडे जाता येते. चोवीस वर्षांवरील चालकांना थेट त्या परवान्याची वाट आहे. आपल्याकडे हे टप्पे कायद्याने आखलेले नाहीत. ते चालकाने स्वतःच आखायचे आहेत.

नव्या गाडीचा धोका खरंच जास्त असतो का?

या विषयावरचा सर्वात गाजलेला अभ्यास अमेरिकेतला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. अपघातग्रस्त चालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट बाइकचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. रस्त्यावर दुचाकी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव मात्र सरासरी जवळपास तीन वर्षांचा होता. म्हणजे माणूस नवखा नव्हता, गाडी नवी होती.

याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकेचे होते आणि त्यातील दोन तृतीयांश प्रकरणांत दुसऱ्या चालकाने बाइकची वाट अडवली होती. ‘बाइक दिसलीच नाही’ हे त्यामागचे मुख्य कारण. चौकात वळणाऱ्या रिक्षावाल्याने किंवा कारचालकाने आपल्याकडे पाहिले, म्हणजे त्याला आपला वेग कळला, असे धरून चालू नये.

वीस किलोमीटरने काय बिघडते?

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर बोट जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि ब्रेक बऱ्यापैकी जोरात लागतो, असे धरून गणित करू. ताशी ६० किमी वेगात गाडी सुमारे ४० मीटरवर थांबते. ताशी ८० ला ६३ मीटर लागतात, ताशी १०० ला ९२ मीटर.

याचा अर्थ असा : ६० च्या वेगातली बाइक जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच ठिकाणी ८० च्या वेगातली बाइक अजून ताशी ६० ने धावत असते. वेग एक तृतीयांशानेच वाढला तरी धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हे अंतर इतके पडते. ताकदवान बाइकवर हा जादा वेग जाणवतही नाही. इंजिन थरथरत नाही, आवाज वाढत नाही. अंदाजावर न राहता स्पीडोमीटर पाहण्याची सवय म्हणूनच लागते.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटी होते?

हा गैरसमज घराघरांत आहे. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी उशिरा थांबते आणि एबीएस नसेल तर मागचे चाक घसरते. पुढचा ब्रेक झटक्यात ओढायचा नाही. आधी हलका, मग क्षणात वाढवत जायचा, सोबत मागचा.

१२५ सीसीवरील नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. मात्र खडीवर किंवा ओल्या रंगाच्या पट्ट्यावर नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही. गाडी वळणात कललेली असताना साधे एबीएस फारसे वाचवत नाही. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना लावायचा तो यासाठीच.

घाट, पाऊस आणि उसाच्या ट्रॉली

ताम्हिणी, माळशेज किंवा आंबोली ही अनेकांची पहिली राइड असते. घाट उतरताना क्लच दाबून गाडी सोडू नये. खालच्या गिअरवर ठेवावी, इंजिनच वेग धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. वळणात नजर दरीकडे किंवा समोरच्या एसटीकडे नाही, तर रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे ठेवावी. जिकडे नजर, तिकडे गाडी.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते आणि रस्ता सर्वात निसरडा तेव्हाच असतो. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात रात्री टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते. दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग अंधारात ठेवावा.

सहलीचा मार्ग ठरवताना एक लक्षात ठेवा : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे.

हेल्मेट आणि विम्यात काय पाहायचे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक हवा. पट्टा लावल्यावर डोके हलवले तर हेल्मेट वेगळे हलता कामा नये. डबलसीट बसणाऱ्यालाही तेवढेच चांगले हेल्मेट हवे. हेल्मेट नसल्यास कायद्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

विम्यातील १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच मिळते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, अशा घरांत मुलासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

पहिले हजार किलोमीटर कसे चालवायचे?

नवे टायर गुळगुळीत असतात, ब्रेक पॅडही बसलेले नसतात. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार कलवू नये. इंजिन किती फिरवायचे हे मॅन्युअलमध्ये असते, ते पाळावे. रेन मोड असेल तर सुरुवात त्यावरच करावी. रविवारी सकाळी रिकाम्या, सरळ, कोरड्या जागेत ताशी ३० आणि मग ५० वरून पूर्ण थांबण्याचा सराव दहा-दहा वेळा करावा. एबीएसची लिव्हरला बसणारी थरथर तिथेच अनुभवावी, म्हणजे ऐनवेळी दचकून ब्रेक सुटत नाही. डबलसीट आणि लांबचा प्रवास हजार किलोमीटरनंतर.

आणि दसऱ्याला घेतलेल्या गाडीने पहिला पावसाळा पाहिलेला नसतो. तोवर सात-आठ महिने झालेले असले, तरी ओल्या रस्त्यावर चालक त्या गाडीला पुन्हा नवाच असतो. जूनमध्ये टायरची हवा तपासून हाच सराव कमी वेगात पुन्हा एकदा करावा.