कोलंबियाची जळालेली डिस्क

2003च्या 1 फेब्रुवारीला कोलंबिया अंतराळयान उतरायला जेमतेम सोळा मिनिटे उरली होती. टेक्सासच्या आकाशात ते फुटले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. पुढे सुमारे सहा महिन्यांनी एका आटलेल्या तलावाच्या तळाशी एकमेकांना चिकटलेले धातूचे दोन तुकडे सापडले. ही हार्ड डिस्क आहे, हे सांगूनही पटले नसते.

सीगेटच्या या डिस्कची क्षमता अर्धा गिगाबाइटही नव्हती, पण तिच्यात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. बाटली हलवली की केचप पातळ होते. क्रांतिक बिंदूजवळचा, म्हणजे द्रव आणि वायू यांतला भेद मिटण्याच्या बेतात असलेला झेनॉन ढवळला तर तोही तसाच वागतो का, हे पाहायचे होते. पृथ्वीवर तो स्वतःच्याच वजनाने दबतो, म्हणून प्रयोग अंतराळात न्यावा लागला. काही नोंदी उड्डाण चालू असतानाच रेडिओने खाली पोहोचल्या होत्या; बाकीच्या या डिस्कमध्ये अडकल्या.

ती क्रोल ऑनट्रॅक या अमेरिकी कंपनीतले अभियंते जॉन एडवर्ड्स यांच्याकडे आली. सर्किट बोर्ड जळून गेला होता. धूळ अडवणारे सील वितळून आत माती शिरली होती. डिस्क चालू असताना वाचणारे हेड चकतीला न टेकता तिच्यावर तरंगते. मधली फट इतकी बारीक, की धुळीचा कणही तिथे दगडासारखा आदळतो. म्हणूनच अशी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडतात.

मात्र माहिती बोर्डात नसते आणि मोटरमध्येही नसते. ती असते चकत्यांवरच्या चुंबकीय थरात. तो शाबूत असेल तर बाकीचे भाग बदलता येतात. एडवर्ड्स यांनी चकत्या काढल्या, रसायनाने धुतल्या आणि नव्या सांगाड्यात बसवल्या. दोन दिवसांत सुमारे 99 टक्के माहिती हाती आली.

यात कसबाइतकाच नशिबाचाही वाटा होता. मातीच्या कणांनी चकत्यांवर खड्डे पाडले होते, पण ते कोऱ्या भागावर. यानातला संगणक जुन्या डॉस प्रणालीवर चालत होता. ती फायली चकतीभर विखरून टाकत नाही, आणि डिस्क जेमतेम अर्धी भरली होती.

2008मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: झेनॉनही ढवळल्यावर पातळ होतो.

आपल्या घरातली डिस्क पडली आणि टकटक वाजू लागली, की आपण ती पुन्हा पुन्हा लावून बघतो. प्रत्येक वेळी बिघडलेले हेड चकतीवर घासून तोच चुंबकीय थर खरवडू शकते. तेव्हा ती ताबडतोब काढून ठेवावी, घरी उघडू नये. आणि महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत आजच करावी. कोलंबियाच्या आणखी दोन डिस्क एडवर्ड्स यांनी तपासल्या होत्या. त्यांतून काहीही मिळाले नाही.