करंजीचा आकार, मोदकाच्या कळ्या: घरच्या घरी ग्योझा

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की काका, भिलाईत बसून तुम्हाला जपानी पदार्थ कुठून सुचला? तर आधी तेच सांगतो, मग पिठाला हात लावू.

मी रेल मिलमधून निवृत्त झालो. उभी नोकरी तापलेल्या लोखंडाशेजारी गेली, पण घरातल्या गॅसशी ओळख फक्त चहापुरती. ही गेली आणि मी डबा लावला. त्या वर्षी गणपती बसला, पण घरात उकडीचे मोदक झाले नाहीत, मिठाईच्या दुकानातून पेढे आणले. मुलगा जपानमध्ये हामामात्सुला नोकरी करतो. तो दोन आठवड्यांची रजा काढून आला आणि तिसऱ्याच दिवशी डब्यातली भाजी बाजूला सारून म्हणाला, "बाबा, हे रोज खाता तुम्ही?" संध्याकाळी आम्ही दोघं मैदा घेऊन बसलो. त्याला जे येत होतं ते त्यानं मला शिकवलं. ते म्हणजे ग्योझा.

ग्योझा म्हणजे काय? करंजीच्या आकाराची, पातळ पारीची, आत सारण भरलेली वस्तू. एका बाजूला मोदकासारख्या कळ्या, दुसरी बाजू सपाट. सिव्हिक सेंटरला आपण मोमो खातो त्याचीच ही चुलत बहीण. रशियन लोकांचा पेल्मेनी हा त्याच कुळातला. पण मोमो नुसता वाफवतात. ग्योझा तव्यावर एका बाजूनं खरपूस होतो आणि त्याच तव्यात वाफवला जातो. खाली कुरकुरीत, वर मऊ. सगळी गंमत तिथे आहे.

मुळात हा पदार्थ चिनी, जिआओझी. मांचुरियात राहिलेले जपानी सैनिक आणि इतर लोक 1945 नंतर मायदेशी परतले, त्यांनी ही चव सोबत नेली आणि युद्धानंतर ती जपानभर पसरली. चीनमध्ये तो मुख्यतः पाण्यात उकडतात आणि पोटभर जेवण म्हणून खातात, म्हणून पारी जाड. जपान्यांनी पारी पातळ केली, लसूण वाढवला आणि भाताबरोबर तोंडी लावायला घेतला. उत्सुनोमिया आणि हामामात्सु या दोन शहरांत तर दरवर्षी चुरस असते, ग्योझावर घरटी जास्त खर्च कोणाचा! हामामात्सुला ताटलीत ग्योझा गोल मांडतात आणि मधल्या जागेत उकडलेले मोड ठेवतात. आपण मुगाचे मोड ठेवले तरी चालतात, मी ठेवतो.

आता पारी. 200 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण 100 मिलिलिटर उकळतं पाणी. उकळतंच हवं. आधी चमच्यानं कालवा, हाताला सोसवेल तेव्हा मळा. गोळा खडबडीत दिसला तरी घाबरू नका, झाकून अर्धा तास ठेवा. परत मळलात की मऊसूत होतो.

उकळतं पाणी का? इथे मला आमच्या घरची उकड आठवली. तांदळाच्या पिठात मैद्यासारखा चिकट ताण नसतो. म्हणून आपण पीठ उकळत्या पाण्यात घालून वाफ काढतो. उष्णतेनं पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि उकड हाताखाली वळते. मैद्यात तो ताण मुळातच जास्त असतो, थंड पाण्यात मळला तर पारी लाटताना रबरासारखी मागे सरकते. गरम पाण्यानं तो ताण सैल होतो. म्हणजे तांदळाला जे नसतं ते मिळवायला, आणि मैद्याला जे जास्त असतं ते कमी करायला, औषध एकच. ही उकड काढायची तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसायचो, त्यामुळे हे कळायला इतकी वर्षं लागली.

या पिठाच्या 30 लाट्या होतात. कॉर्नफ्लोअरवर नऊ सेंटिमीटरची पारी लाटा, कडा पातळ, मधला भाग किंचित जाड.

सारणाला जपानमध्ये डुकराचा खिमा वापरतात. आमच्याकडे शाकाहारी. पाव किलो पत्ताकोबी बारीक चिरा, अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि मग कापडात घालून पिळा. ही पायरी चुकवू नका. कोबीतलं पाणी आत राहिलं तर पारी भिजते आणि तव्यावर फुटते. माझा पहिला घाणा असाच गेला, तव्यावर भाजी आणि मैद्याची लापशी झाली. पिळलेलं पाणी वरणात घाला. 150 ग्रॅम मशरूम बारीक चिरून कोरड्याच कढईत पाणी आटेपर्यंत परता. पावसाळ्यात बाजारात पैरा फुटू मिळाला तर तोच घ्या, त्याची चव वेगळीच. 100 ग्रॅम कुस्करलेलं पनीर, आलं, भरपूर लसूण, पातीचा कांदा, एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर.

आणि तीळ. जपानी तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, त्याला खमंग वास असतो. आपल्या घाण्याच्या तेलाला तो नसतो. म्हणून तीळ भाजून कुटा आणि सारणात घाला. मुलाला हे पटलं नव्हतं, खाल्ल्यावर पटलं.

आता कळ्या. पारी तळहातावर, मधे एक चमचा सारण, अर्ध्या कडेला पाण्याचं बोट. पारी अर्धी दुमडा, पण मिटू नका. मागची कड सरळ ठेवायची, पुढच्या कडेला बारीक चुण्या घालून त्या मागच्या कडेवर दाबत जायचं. पाच किंवा सहा. मोदकाला चहूबाजूंनी कळ्या पाडून वर टोक आणायचं असतं, इथे एकाच बाजूला. शिकायला हे सोपं. चुण्या एका बाजूलाच असल्यानं ग्योझा आपोआप वाकतो आणि खाली नीट बसतो. कडेत हवा राहू देऊ नका.

तवा झाकण बसेल असा खोलगट घ्या. एक मोठा चमचा तेल, मध्यम आच, ग्योझा मांडा. दोन मिनिटांत तळ हलका तांबूस होतो. मग अर्धा कप गरम पाणी कडेनं ओता आणि लगेच झाकण. थंड पाणी ओतू नका, तेल उडतं. पाच मिनिटं वाफ, मग झाकण काढून पाणी आटू द्या. तव्यावर पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूस व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. म्हणून आवाज ऐका. खदखद थांबून चरचर सुरू झाली की पाणी संपलं. अजून एक-दोन मिनिटं, आणि ताटली उपडी ठेवून तवा उलटा. चिकटला तर ओढू नका, आच बंद करून मिनिटभर थांबा.

बुडवायला सोया सॉस आणि व्हिनेगर समप्रमाणात, वर लाल तिखटाचं तेल. आपलं बाजारातलं व्हिनेगर जहाल असतं, त्यात निम्मं पाणी घाला.

मुलगा गेला त्यानंतरच्या चतुर्थीला मी उकड काढली. अकरा मोदक, त्यातले चार फुटले. व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवले तर म्हणाला, "कळ्या एकाच बाजूला आल्यात बाबा." खरंच आल्या होत्या. हात ग्योझाला सरावलेला.

एकट्यासाठी तीस कशाला, असंही एकीनं विचारलंय. कच्चेच ताटात सुटेसुटे मांडून फ्रीजरमध्ये दोन तास ठेवा, कडक झाले की पिशवीत भरा. करताना वितळू देऊ नका, पारी ओली होऊन चिकटते. तसेच तव्यावर टाका, पाणी थोडं जास्त आणि वाफ दोन मिनिटं अधिक. मी रात्री आठ काढतो. रविवारी बारा, कारण शेजारच्या भाभी येताना फरा आणतात, तांदळाचा, तीळ आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिलेला. तो कसा करतात ते पुढच्या भागात त्यांनाच विचारू.