भातावरील ढेकण्या : ओळख व बंदोबस्त

कोकणात भात निसवून दाणे दुधात आले, की कित्येक खाचरांतून उग्र दुर्गंध येऊ लागतो. लोंबीवरील ढेकण्या आल्याची ही सूचना होय.

पूर्ण वाढलेला ढेकण्या सडपातळ, हिरवट-तपकिरी असून त्याचे पाय व मिशा लांब असतात. पिले फिकट हिरवी असतात. मादी पानांवर ओळीने अंडी घालते व आठवड्याभरात पिले बाहेर पडतात. पिले व प्रौढ दोन्ही कोवळ्या दाण्यांतील रस शोषून घेतात. त्यामुळे दाणे पोचट राहतात किंवा त्यांवर तपकिरी डाग पडतात. भरलेली लोंबी वाकते, किडलेली ताठ राहते. हा भेद उफणणीच्या वेळी उमगला, तर उपाय उरत नाही.

पीक नसताना ही कीड गवतावर जगते; म्हणून निसवण्यापूर्वीच बांध स्वच्छ करावेत. शेजाऱ्यांनी एकाच मुदतीचे वाण एकाच सुमारास लावावेत. आगेमागे निसवणाऱ्या एकट्या खाचरावर सारी कीड लोटते. ढेकण्या उन्हात दडून बसतात. तेव्हा सकाळी किंवा सायंकाळी पाहणी करून ते हातजाळीने पकडून नष्ट करावेत.

दर चुडास सरासरी एक ढेकण्या आढळल्यासच शिफारस केलेले कीटकनाशक वापरावे. पूर्वी धुरळली जाणारी बीएचसी भुकटी १९९७ पासून बंद आहे. दाणे टणक झाल्यावर फवारणी करणे व्यर्थ होय. शेतकरी बंधूंनी निसवणीपासूनच दक्ष राहावे.