टाकाऊचा प्रवास – भाग ७ : ठेवायची कला, निरोपाची कला

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लालबाग-परळच्या गल्ल्यांतून चालत जावं. मंडपाचे बांबू उतरत असतात, कार्यकर्त्यांचे डोळे जागरणाने लाल असतात आणि काल ज्या देखाव्यासमोर रांग हलत नव्हती, तो कोपऱ्यात ढीग होऊन पडलेला असतो. समुद्र वाचवा, झाडं लावा असं सांगणारे देखावेही त्यात असतात. त्या ढिगापाशी माझे पाय दरवर्षी थबकतात.

मागच्या भागात आपण चंदीगढचं रॉक गार्डन पाहिलं. नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने १९५७ पासून गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे गोळा करून माणसं आणि प्राणी घडवले. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. दिल्लीच्या 'वेस्ट टू वंडर' उद्यानात २०१९ साली जगातली सात आश्चर्यं भंगारातून उभी राहिली. काच, चिनीमाती, लोखंड. सगळं वर्षानुवर्षं टिकणारं. ही ठेवायची कला आहे.

आपल्या गिरणगावातली सार्वजनिक कला दहा-अकरा दिवसांची. तिच्या घडणीतच निरोप आहे. म्हणून टाकाऊ वस्तू निवडताना इथे उलटा विचार करावा लागतो. वस्तू किती टिकेल हे बघायचंच, पण बाराव्या दिवशी ती कुठे जाईल हे आधी बघायचं.

थर्माकोलचं उदाहरण घ्या. ते म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. भंगारवाला ते घेत नाही, कारण टेम्पो भरतो पण काट्यावर वजन भरत नाही. त्यावर रंग आणि चमकी चढली की उरलीसुरली आशाही संपते, आणि मग ते दाणे गटारातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातात. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. मखरवाल्यांनी त्या वर्षीच्या गणपतीपुरती सवलत मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली नाही. ज्यांचा माल तयार होऊन पडला होता त्यांना फटका बसला, हे खरं आहे. तरीही तो निर्णय योग्यच होता असं मला वाटतं, कारण पर्याय डोळ्यांसमोर होता. कलादिग्दर्शक नानासाहेब शेंडकर यांची 'उत्सवी' ही संस्था बंदीच्या आधीपासून पुठ्ठ्याचे घडीचे मखर करत होती. असा मखर सण झाला की मिटवून माळ्यावर ठेवता येतो आणि जीर्ण झाला की रद्दीत जातो. मात्र पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा चकचकीत थर दिला, जरी-टिकल्या चिकटवल्या, तर तो पुठ्ठाही रद्दीवाल्याच्या कामाचा राहत नाही. पर्यावरणपूरक अशी पाटी लावण्याआधी मंडळांनी एवढं तपासायलाच हवं.

इथे एक घोटाळा होतो, त्यावर जरा थांबू. पुठ्ठ्याचा मखर चांगला, मग रद्दीची मूर्तीही चांगलीच, असं आपण गृहीत धरतो. वर्तमानपत्रं भिजवायची, लगदा कुटायचा, त्यात खळ किंवा डिंक आणि व्हायटिंग पावडर मिसळून साच्यात थापायचं. मूर्ती हलकी होते, वाहून नेताना फुटण्याची भीती कमी. २०११ च्या एका शासन निर्णयाने अशा मूर्तींना उत्तेजनही दिलं. पण २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याला स्थगिती दिली. कारण पाण्यात आहे. कागद विसर्जनानंतर बारीक तंतूंचा गाळ होऊन बसतो, तो कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि छपाईच्या शाईतले धातू पाण्यात उतरतात. लहान तळ्यातले मासे त्याने गुदमरतात. म्हणजे तीच रद्दी मखरात शहाणपणाची ठरते आणि मूर्तीत घातक.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा त्रास वेगळा. पाणी लागलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं, आणि जिप्सम पाण्यात फारच थोडं विरघळतं; म्हणून भग्न हात-सोंडा महिनोन्‌महिने किनाऱ्यावर दिसत राहतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर घरगुती उपाय दिला: बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती ठेवायची. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर राहतं अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खतच. वीस फुटी मूर्तीला हे जमणार नाही. तिथे कृत्रिम तलावातून काढलेलं प्लास्टर दळून, भाजून पुन्हा वापरण्याचा मार्ग आहे. रंगांचे थर मात्र त्यात आडवे येतात.

मग मोठी मूर्ती मातीची होतच नाही का? गिरगावात निकदवरी लेनमध्ये जाऊन बघा. गिरगावच्या राजाची भव्य मूर्ती शाडूची असते. शाडूही निर्दोष नाही. ती बरीचशी गुजरातहून येते, खणून काढावी लागते आणि नदीत पडली की गाळ वाढवते. पण तिच्यात एक गुण आहे जो प्लास्टरमध्ये नाही: ती भाजलेली नसते. भिजली की पुन्हा माती होते, मळली की पुन्हा आकार घेते.

या गुणावरच पुण्यात 'पुनरावर्तन' ही मोहीम उभी राहिली. घरी बादलीत विसर्जन करायचं, खाली बसलेली शाडू सुकवून संकलन केंद्रावर द्यायची आणि ती पुन्हा मूर्तिकारांकडे पोचवायची. अट एकच, मूर्तीवर तैलरंग नकोत. आपल्याकडे परळ-लालबागचे कारखाने आणि गिरगावच्या चाळी हाकेच्या अंतरावर आहेत. गौरी-गणपतीनंतर चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर एक पिंप ठेवलं, तर ती माती टेम्पोच्या एका फेरीत कारखान्यात पोचेल आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्याच साच्यात पुन्हा बसेल.